अकरा देवांची गाडी

मंडळी, बसा. पुढे सरका, मागच्यांना जागा द्या. खांबाला टेकलेल्यांनो, तुम्हीसुद्धा पुढे या! खांबाला टेकलं की डोळा लागतो. मी बोलत असताना तरी नको, माझं मन मोडतं.

आज एकच प्रश्न विचारतो. माणसाच्या हातून चूक होते. तुमच्या होते, माझ्या होते, या पेटीवाल्या काकांच्या हातून तर आत्ताच झाली — असू दे, असू दे, काका, कुणाला कळलं नाही! तर चूक झाली. आता त्या चुकीवर आपण देव आणून बसवला. चूक दिसायची बंद झाली. पण मिटली का? मिटली असं म्हणणाऱ्यांनी हात वर करा.

एकही हात नाही! सगळे शहाणे जमलेत. मग ऐका — तुमच्यासारखाच एक शहाणा होता, त्याची गोष्ट.

समुद्रकाठी एक गाव. गावात भार्गवराव नेवरेकर. शाळेत एकतीस वर्षं हेडक्लार्क. कडक माणूस! कुणी फॉर्मवर खाडाखोड केली, तर हे चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "चुकलंत ना? मग बाजूला सही करा. आपली चूक आपल्या नावाची पाहिजे!" भल्याभल्या मास्तरांना सह्या करायला लावल्या त्यांनी.

त्यांच्या पत्नी कुमुदवहिनी. शांत बाई. सगळा संसार स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून केला. नवरा निवृत्त झाला आणि काही वर्षांनी घरात गाडी आली. पांढरी! चारी दारं एकाच आवाजात लागायची, म्हणून भार्गवराव सारखी उघडून लावून बघायचे.

आता गाडी आली, म्हणजे चालवायला शिकणं आलं. दोघंही शिकायला गेली. वय? वहिनींचं अठ्ठावन्न. हसू नका! परीक्षा एकाच दिवशी. वहिनी पहिल्या फेरीत पास. आणि भार्गवराव? त्यांनी गाडी मागे घेताना खांब पाडला. पंधरा दिवसांनी परत गेले. या वेळी खांब वाचवला, परीक्षा घेणाऱ्या साहेबांची खुर्ची पाडली! साहेब नुकतेच पाणी प्यायला उठले होते म्हणून पुढचं काही झालं नाही. तिसऱ्या वेळी पास. गावात काय सांगितलं? "आम्ही दोघं एकदमच पास झालो."

वहिनींना लायसन हवं होतं, मिरवणूक नको होती.

आणि लायसन का हवं होतं? त्यांची थोरली बहीण, नलूताई, खाडीपलीकडे राहायची. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. घरात मुलगा होता, पण आईचे केस विंचरायला बाईमाणूस नव्हतं. एसटीने जायचं तर दोन गाड्या बदलायच्या. पहिली वेळेवर आली तर दुसरी येत नाही, आणि पहिली उशिरा आली तर दुसरी त्याच दिवशी नेमकी वेळेवर सुटते! आता दर मंगळवारी वहिनी डबा घ्यायच्या, गाडी काढायच्या, चाळीस मिनिटांत बहिणीच्या उशाशी. डब्यातली आमटी अजून कोमट. केस विंचरायचे, वेणी घालायची, दोघी बहिणींनी गप्पा मारायच्या, दिवे लागायच्या आत घरी.

सगळं छान चाललं होतं. मग मधे आला एक सोमवार.

सोमवारी भार्गवराव बाजारातून येत होते. गाडी एका हाताने चालवत होते. दुसरा हात खिडकीत! का? तर शेजारच्या गंगूआते ओटीवर असायच्या, त्यांनी बघावं म्हणून. आता माणसाचं वय सहासष्ट, गंगूआतेंचं एकोणऐंशी — तिथे कसली ऐट दाखवायची? पण दाखवायची होती! तर आपल्याच फाटकातून आत वळताना यांनी मान वळवून ओटीकडे बघितलं. ओटीवर कुणी नव्हतं.

खर्रर्र!

फाटकाशी जांभ्याचा लाल चिरा उभा होता. मागच्या डाव्या चाकाच्या वर, वीतभर लांब ओरखडा. रंग गेला, आतला पत्रा दिसायला लागला. भार्गवरावांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. रुमालाला थुंकी लावून लाल धूळ पुसली. आणि गाडी अशी लावली, की ती बाजू कुंपणाकडे.

आता नुसतं एवढंच केलं असतं, तर मी तुम्हाला आज ही गोष्ट सांगितली नसती. लपवलं, ते एक वेळ ठीक. आपण कोण नावं ठेवणारे? पण दुसऱ्या दिवशी मंगळवार. वहिनी बहिणीकडे जाऊन आल्या, गाडी लावली, पाय धुवायला विहिरीवर गेल्या. आणि भार्गवराव चष्मा लावून बाहेर आले. हात मागे बांधून गाडीला एक फेरी घातली. मागच्या डाव्या चाकाशी थांबले.

"कुमुद! हे काय?"

वहिनी ओल्या पायांनी धावत आल्या. "अगंबाई! हे कधी झालं?"

"ते मी विचारतोय."

"मला काही लागल्याचं कळलंसुद्धा नाही हो!"

"कळलं असतं, तर लागलं असतं का?"

बघा! वाक्य बघा कसं तयार ठेवलं होतं! आपल्याच हातून झालं असणार, असं वहिनींना वाटलं. चांगल्या माणसाला तसंच वाटतं, तीच तर पंचाईत आहे! त्यांनी पदराने ओरखडा पुसून बघितला. मग आत जाऊन देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला गाडीची किल्ली अडकवली. परत काढली नाही.

"अगं, तसं नाही म्हटलं मी," भार्गवराव म्हणाले.

"नको. माझा हात तयार नाही."

मंगळवारचा डबा परत एसटीने जायला लागला. आमटी गार. कधी दोन आठवड्यांनी, कधी महिन्याने. आणि भार्गवराव? न्हाव्याकडे सांगितलं, बँकेत सांगितलं, नलूताईच्या मुलाला फोनवर सांगितलं — "हिने गाडी घासली हो! मी काही बोललो नाही." बघा मोठेपणा!

इकडे समुद्राची हवा आपलं काम करत होती. वाऱ्याला मीठ, विहिरीच्या पाण्याला मीठ. पावसाळा आला आणि गेला. एक दिवस भार्गवरावांना ओरखड्यावर तांबडा ठिपका दिसला. राईएवढा. नखाने खरवडला, गेला. आठ दिवसांनी बघतात तर मसुरीएवढा! पुसला. महिन्याने हरभरा!

नाक्यावर मुश्ताकभाईचं दुकान होतं. डेंटिंग, पेंटिंग. हात असा, की रंगवलेला भाग सापडायचा नाही. तिकडे गाडी न्यायची, तासाभराचं काम! पण मुश्ताकभाईची एक ख्याती होती. तो ओरखडा बघून सांगायचा — गाडी पुढे जात होती की मागे, लागलेला दगड काळा की लाल, आणि चालवणारा बघत कुठे होता. खाडीपलीकडच्या वाटेवर जांभ्याचा चिरा एकही नाही, हे मुश्ताकभाईला ठाऊक. मग कसा नेणार?

जत्रेत स्टिकर विकायला आले होते. भार्गवरावांनी दत्तगुरूंचा घेतला. घरी येऊन ठिपक्यावर चिकटवला. हात जोडले. वहिनी म्हणाल्या, "अहो, चाकाच्या वर देव? चिखल उडेल."

"रक्षण करतात ते!"

करतात, मंडळी. पण त्यांना कशाचं रक्षण करायला बसवलंय, हे तरी सांगाल की नाही? दत्तगुरू बसले गंजाच्या डोक्यावर!

आणि एकदा का उपाय सापडला, की माणूस थांबतो का? बोनेटवर खडी उडाली, टिकलीएवढा रंग गेला — गणपती! दाराच्या कडेला ठिपका — अंबाबाई! मागच्या झाकणावर शंकर, पुढच्या बंपरवर मारुतीराय, टपावर साक्षात सूर्यनारायण, कारण त्यांना तिथून जवळ! वर्षभरात अकरा देव झाले. गाडी निघाली, की म्हातारी माणसं चपला काढून उभी राहायची. मागून कुणी हॉर्न वाजवायचं नाही. वडापावच्या गाडीसमोर उभी केली, तर वडेवाला हात जोडून म्हणाला, "काका, जरा पुढे घ्या ना. देवासमोर मला खेकडाभजी काढता येत नाही!"

गंगूआते रोज सकाळी येऊन बंपरवर जास्वंदीचं फूल ठेवायच्या आणि गाडीला प्रदक्षिणा घालायच्या. भार्गवरावांना कुठे जायची घाई असली, तरी अकरा फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत इंजिन बंद करून आत बसायचं. आतेंचे गुडघे दुखायचे, एक फेरी तीन मिनिटांची. करा हिशेब!

असाच एक गुरुवार आला. भार्गवराव गाडी धुवत होते, आते प्रदक्षिणा घालत होत्या. सातव्या फेरीला आते मागच्या डाव्या चाकाशी थांबल्या आणि किंचाळल्या.

"भार्गवाऽऽ! अरे, महाराज रडतायत रे!"

भार्गवराव बादली टाकून धावले. बघतात, तर दत्तगुरूंचा स्टिकर मधोमध फुगलेला, आणि मधल्या मुखाच्या डोळ्याखालून तांबडं पाणी ओघळतंय. टप... टप...

अर्ध्या तासात अख्खी आळी जमली! कुणी नारळ आणला, कुणी उदबत्ती. एसटी थांबली, त्यातले प्रवासी उतरले, त्यांच्यामागे ड्रायव्हर उतरला. वाद सुरू झाला. एक म्हणे उजव्या डोळ्यातून येतंय, दुसरा म्हणे डाव्या. तिसरा म्हणे, "सहा डोळे आहेत, नीट मोजून बोला!" भजनी मंडळाचे अध्यक्ष आले, त्यांनी गाडी पावलांनी मापली. म्हणाले, "इथे मांडव घालायचा. गाडी आता हलवायची नाही. जागृत झाली!"

आता भार्गवराव काय सांगणार? गंज आहे म्हणावं, तर विचारतील, गंज कशाने? गंज नाही म्हणावं, तर गाडीचं देऊळ होतंय!

एवढ्यात कुमुदवहिनी बाहेर आल्या. हाताला पीठ. गर्दीने वाट दिली. त्यांनी ते ओघळतं पाणी बघितलं आणि ओट्याच्या पायरीवर बसल्या.

"तिथेच ना हो... माझ्या हातून लागलं होतं, ते तिथेच ना?"

भार्गवराव हातातलं फडकं पिळत राहिले.

"मी परवाच मनात म्हणत होते, परत किल्ली मागावी. नलूताई हल्ली जेवत नाही. विचारते, गाडीनं का नाही येत तू? म्हटलं, एकदा धीर करावा. पण हे बघा. देवाचीच मर्जी नाही." त्यांनी पिठाचे हात जोडले. "महाराज, चुकले. आता गाडीच्या चाकाला हात लावणार नाही. लायसन उद्या तुमच्या पायाशी ठेवते, आणि दर गुरुवारी निरंकार उपास करते."

मंडळी, इथे हसू नका. थांबा जरा. ज्या बाईने काही केलं नाही, ती सगळ्या गावासमोर क्षमा मागते आहे. आणि ज्याने केलं, तो हातात ओलं फडकं घेऊन उभा आहे. ते फडकं कुठे ठेवावं, तेसुद्धा त्याला सुचत नाही.

त्या दुपारी भार्गवरावांना जेवण गेलं नाही. पानात आमटी होती. ती त्यांनी नुसती बघितली. मग चपला घातल्या आणि ज्याच्या दारावरून वर्षभर मान खाली घालून जात होते, त्या मुश्ताकभाईकडे गेले. "चल बाबा," म्हणाले. "बघ एकदा."

मुश्ताकभाई आला, चाकाशी उकिडवा बसला. पाण्याला बोट लावून चोळलं. स्टिकरच्या कडेला, खाचेत लाल धुळीची रेघ राहिली होती, ती बघितली. मग फाटकाशी उभ्या चिऱ्याकडे बघितलं. मग भार्गवरावांकडे बघितलं. पण माणूस मोठा! एवढंच म्हणाला, "गंज आहे, काका. वरून झाकलंत, आत ओल कोंडली. उघडा असता तर एवढा पसरला नसता."

"मग काढ ना!"

"मी?" मुश्ताकभाई उठून उभाच राहिला. "देव मी नाय सोलणार, काका. तुमच्या महाराजांवर मी पॉलिश पेपर घासू? गंगूआते माझ्या डोक्यात नारळ घालतील! आधी देव उठवा तुमच्या रीतीने. मग मी आहे."

बरोबर बोलला की नाही? बसवलेला देव रीतीनेच उठवायला हवा. दामूभटजींना बोलावणं गेलं. भटजी गाडीभोवती फिरले, अकरा देव मोजले. म्हणाले, "उत्तरपूजा करू. जोडीनं बसा. आणि संकल्प मोठ्याने सांगायचा — कुठल्या कारणासाठी बसवले आणि कुठल्या कारणासाठी उठवतो."

"मनात म्हटलं तर चालेल ना, गुरुजी?" भार्गवरावांनी विचारलं.

"देवाला चालेल. पण मला कमी ऐकू येतं, आणि मंत्र मला म्हणायचाय!"

सकाळी पाट मांडले. गाव जमलं, मांडववाले रुसून का होईना, आले. भार्गवराव सोवळं नेसून गाडीच्या मागच्या चाकासमोर बसले. जगात कुणी चाकाची पूजा इतक्या घामाने केली नसेल! शेजारी वहिनी. भटजी म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा." वहिनींनी लावला.

"हं. सांगा कारण."

"गाडीच्या... रक्षणासाठी..."

"मोठ्याने!"

भार्गवराव घसा साफ करत होते, तेवढ्यात कानाशी पुटपुटणं ऐकू आलं. वहिनी डोळे मिटून स्वतःशीच म्हणत होत्या — "महाराज, चूक माझी. यांना त्रास नको."

संपलं! भार्गवरावांच्या हातातली पळी ताम्हणात पडली.

"चूक हिची नाही!" ते ओरडले. "चिऱ्याला गाडी मी घासली! सोमवारी! बाजारातून येताना!"

भटजींनासुद्धा ते पहिल्या फटक्यात ऐकू आलं!

वहिनींनी डोळे उघडले. नवऱ्याकडे बघितलं. आणि हाताला लावलेला हात काढून घेतला.

"वहिनी, हात लावा," भटजी म्हणाले. "पूजा अपुरी राहील."

"राहू दे अपुरी. आधी यांचं पुरं होऊ दे. सांगा पुढे."

आणि भार्गवरावांनी सांगितलं. एका हाताने गाडी चालवल्याचं सांगितलं. कशासाठी, तेही सांगितलं. गंगूआते म्हणाल्या, "मेल्या, मी तेव्हा न्हाणीत होते!" थुंकी लावलेला रुमाल सांगितला, चष्मा लावून घातलेली फेरी सांगितली. बोलायला लागले ते थांबेनातच! परीक्षेचंही सांगून टाकलं. "ती पहिल्यांदा पास झाली. मी तिसऱ्यांदा. साहेबांची खुर्ची मी पाडली. ते मला सहन झालं नाही. हिच्या हातून एक तरी ओरखडा पडावा, असं मला वाटत होतं. पडेना! म्हणून माझाच तिला दिला."

कुणी हसलं नाही. मग वहिनींनी हात परत नवऱ्याच्या दंडाला लावला. भार्गवराव केवढ्याने कळवळले! चिमटा होता, मंडळी. मंत्र संपेपर्यंत सोडला नाही.

भटजींनी अक्षता टाकल्या. वहिनींनीच कोमट पाण्याने एकेक देव भिजवून अलगद सोडवला आणि पाटावर ठेवला. खाली काय निघालं? सात ठिकाणी गंज टिकलीएवढा. तीन ठिकाणी काहीच नाही! नुसत्या भीतीने आधीच बसवले होते! आणि दत्तगुरूंच्या खाली — मुश्ताकभाईने बोट टेकवलं, तर बोट आत. पत्रा पापडासारखा.

"हे सात एका दुपारचं काम," तो म्हणाला. "धुवायचं, सुकवायचं, डागाच्या बाहेर चांगला रंग लागेपर्यंत घासायचं. लाल कण एक उरता कामा नये. लखलखीत पत्रा दिसला, की प्रायमर, मग रंग. पण हा मोठा? हा कापून नवीन पत्रा बसवावा लागणार. राईएवढा होता तेव्हा का नाय आलात, काका?"

मुश्ताकभाईने पॉलिश पेपरचा तुकडा फाडला आणि पाण्यात बुडवून त्यांच्या हातात दिला. "घासा. तुमच्या हाताने." दुपारभर घासत होते. वहिनी पायरीवर बसून बघत होत्या. मधूनच म्हणायच्या, "तिकडे राहिलंय."

गाडी तयार झाली तो मंगळवार. भार्गवरावांनी खिळ्यावरची किल्ली काढली आणि वहिनींसमोर धरली. वहिनींनी घेतली. "माफ केलं" म्हणाल्या का? नाही! म्हणाल्या, "बसा शेजारी."

"नलूताईकडे ना?"

"आधी न्हाव्याकडे. मग बँकेत. मग नलूताईच्या मुलाकडे. जिथे जिथे माझं नाव घेतलंत, तिथे मी नेते. तुम्ही उतरायचं आणि सांगायचं. मी गाडी चालू ठेवते."

आणि नेलं, मंडळी! न्हावी एकाची दाढी अर्धवट सोडून बाहेर आला. बँकेत तर खिडकीतल्या बाईने सगळं ऐकून विचारलं, "किती खुर्च्या पाडल्या म्हणालात?" महिनाभर दर मंगळवारी दोन घरं. पण डबा? डबा वेळेवर नलूताईकडे पोचायचा. आमटी कोमट असायची. वेणी झाली, की नलूताई म्हणायची, "भार्गवा, ते खुर्चीचं परत सांग." आणि भार्गवराव परत सांगायचे. ती हसायची आणि दोन घास जास्त जेवायची.

झालं आख्यान. आता तुमच्याकडे वळतो. वळणारच! फुकट का बसवून घेतलंय तुम्हाला?

तुमच्यातल्या किती जणांकडे गाडी आहे, ते मला नको. पण घरातल्या माणसाच्या नावावर ढकललेली एखादी चूक आहे का? भावाच्या, बायकोच्या, नवऱ्याच्या, म्हाताऱ्या आईच्या? तिच्यावर काय चिकटवलंय? उपास? नवस? या देवळाला दिलेली समई? देव बिचारा बसतो, बसवाल तिथे बसतो. पण त्याच्या खाली ओल कोंडते, ते त्याच्या हातात नाही.

राईएवढं असेल तेव्हा सांगा. लाज वाटेल, चिमटा बसेल. बसू दे! चिमटा काढणारं माणूस घरात आहे, हे केवढं! माझ्या घरी आता कुणी नाही. एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती मी भिंतीला सांगून बघितली. भिंत चिमटा काढत नाही.

चला, उठा. पेटीवाले, सूर द्या. आरती घेऊ. नंतर बुक्का लावायला माझ्यापुढे याल, कुणाकुणाचे डोळे भरलेले असतील, वाटेल, बुवांना सगळं सांगून टाकावं. मला सांगू नका. ज्याच्या नावावर ढकललंय त्याला सांगा. तो इथेच, तुमच्या चपला शोधत बाहेर उभा असेल.